टॉर ब्राउझर: फुकट आहे, हळू आहे, पण वाचायचं असेल तर हेच

टॉर ब्राउझर, म्हणजे तुम्ही कोण आणि कुठून आलात हे लपवून साइट उघडणारं ब्राउझर, मी बरीच वर्षं वापरतेय, विंडोजवर, लिनक्सवर आणि अँड्रॉइड फोनवर पण, आणि याच्याबद्दल मराठीत जे काही सापडतं ते एकतर "डार्क वेबवर कसं जायचं" छाप व्हिडिओ असतात नाहीतर "हे टाकलंत की पोलीस दारात" छाप फॉरवर्ड. दोन्ही बघून मला खरंच चीड येते म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझं काम छोट्या ऑफिसांची नेटवर्क सांभाळायचं, फायरवॉल, राउटर, वाय-फाय, कोणाच्या पीसीत काय घुसलंय ते शोधायचं, त्यामुळे हे ब्राउझर मी वापरणारी म्हणूनही बघते आणि नेटवर्कवर लक्ष ठेवणारी म्हणूनही बघते.

घाईत असाल तर एवढंच घ्या: वाचायला, शोधायला, माहिती काढायला एक नंबर. जिथे लॉगिन करायचं, पैसे भरायचे तिथे नको. व्हिडिओ बघायला तर नकोच.

आता "आपल्याला कशाला लागतंय हे, आपण काय लपवतोय" असं विचारणारे भरपूर भेटतात, त्यांना मी व्हीएलसीची गोष्ट सांगते. व्हीएलसी प्लेयर कोणाच्या कॉम्प्युटरवर नाही? तर २०२२ च्या फेब्रुवारीत लोकांच्या लक्षात आलं की व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची साइट भारतात बऱ्याच कनेक्शनवरून उघडतच नाहीये. कारण जाहीर नाही, बनवणाऱ्यांनाही कोणी कळवलेलं नाही. शेवटी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेच्या मदतीने त्यांनी ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस धाडली आणि नोव्हेंबरमध्ये साइट उघडली. मधल्या काळात ज्याला व्हीएलसी पाहिजे होता तो काय करणार, सर्च मारून जी पहिली दिसेल त्या साइटवरून सेटअप उतरवणार, आणि असल्या तिसऱ्याच ठिकाणच्या सेटअपमध्ये जाहिराती घुसवणारं अ‍ॅडवेअर नाहीतर त्याहून वाईट काहीतरी घालून देणं हा फार जुना धंदा आहे. माझ्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगायचं की सॉफ्टवेअर फक्त मूळ साइटवरूनच घ्या, आणि मूळ साइटच बंद! त्या महिन्यांत मी टॉरवरून मूळ साइट उघडून सेटअप घ्यायचे आणि तोच ऑफिसांना द्यायचे.

आणि हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये एकदम ३२ साइट बंद केल्या होत्या, एटीएसच्या मागणीवरून मुंबईच्या कोर्टाने आदेश दिला होता, आणि त्या यादीत इंटरनेट अर्काइव्ह, व्हिमिओ, पेस्टबिन असली नावं होती, म्हणजे अनेकांची रोजच्या कामाची ठिकाणं. दहशतवादी मजकूर काढायचा होता हे मान्य, पण चार पानांसाठी अख्खी लायब्ररी बंद केली. आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली जे ब्लॉकिंग होतं त्याच्या २००९ च्या नियमांत तर गुप्तता पाळायचं लिहूनच ठेवलंय, त्यामुळे काय बंद आहे, का बंद आहे हे सामान्य माणसाला कळायचा रस्ताच नाही. मला ब्लॉकिंगपेक्षा ही गुप्तता जास्त टोचते. कारण दाखवून बंद करा ना, निदान भांडता तरी येईल.

यूट्यूबवर यावर उपाय सांगतात की डीएनएस (साइटचं नाव दिलं की तिचा पत्ता सांगणारी सेवा) बदला, गूगलचा टाका, क्लाउडफ्लेअरचा टाका. पूर्वी चालायचं ते. आता कसं आहे, साइटला एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर झाकणारं ते कुलूप, असलं तरी कनेक्शन सुरू होताना साइटचं नाव बहुतेक वेळा उघडंच जातं, त्याला एसएनआय म्हणतात, आणि तेच वाचून कनेक्शन तोडता येतं. २०१९ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की जिओ हेच करतंय. मग डीएनएस कुठलाही टाका, काही फरक पडत नाही.

टॉर इथे वेगळं काय करतं तर तुमचं कनेक्शन तीन कॉम्प्युटरमधून, त्यांना रिले म्हणतात, फिरवून नेतं. पाकिटात पाकीट आणि त्यात अजून एक पाकीट, असं समजा. पहिल्या रिलेला फक्त कळतं की तुम्ही कोण, पण कुठे चाललाय ते नाही. मधल्याला दोन्ही नाही. शेवटच्याला कळतं कुठे जायचंय पण कोण आलंय ते नाही. आणि तुमच्या इंटरनेटवाल्याला दिसतो फक्त पहिला रिले. हे रिले जगभर सात-आठ हजार आहेत, बहुतेक सगळे स्वयंसेवकांनी आपापल्या खर्चाने चालवलेले. मूळ कल्पना अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात निघाली, पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी पॉल सायव्हरसन यांच्यासोबत टॉर बनवलं, आणि २००६ मध्ये टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था उभी राहिली. नौदल म्हटल्यावर लगेच "म्हणजे अमेरिकेचाच सापळा" असं म्हणणारे येतात. अमेरिकन सरकारचा पैसा यात खूप आलाय आणि अजून येतो, संस्था स्वतःच्या हिशेबात ते छापते. पण कोड उघडा आहे, गेली वीस वर्षं जगभरचे संशोधक तो उलटापालटा करून बघतायत, आणि नौदलाला स्वतःला जर याच्यात लपायचं असेल तर गर्दीत बाकीचे लोक पाहिजेतच, नाहीतर टॉरवरून जो दिसला तो नौदलवाला असं झालं असतं. त्यामुळेच सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय.

व्हीपीएनशी, म्हणजे तुमचं सगळं इंटरनेट एका कंपनीच्या सर्व्हरमधून नेणाऱ्या सोयीशी, तुलना करायलाच पाहिजे कारण प्रत्येक दुसऱ्या यूट्यूबरची स्पॉन्सरशिप तीच असते. व्हीपीएनमध्ये तुम्ही इंटरनेटवाल्यावरचा विश्वास उचलून व्हीपीएनवाल्यावर ठेवता, बास एवढंच होतं. तो म्हणतो आम्ही लॉग ठेवत नाही, तुम्ही मानायचं. फुकट व्हीपीएनचं तर बोलूच नका, फेसबुकने ओनावो नावाचं व्हीपीएन विकत घेतलं होतं आणि लोक कुठली अ‍ॅप किती वापरतात ते त्यातूनच बघत होते, २०१८ मध्ये अ‍ॅपलने ते स्टोअरवरून काढायला लावलं. होला नावाचं होतं, ते फुकट वापरणाऱ्यांचंच इंटरनेट दुसऱ्यांना विकत होतं, २०१५ मध्ये बाहेर आलं. आणि आपल्याकडे २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने फर्मान काढलं की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) पाच वर्षं जपून ठेवायचे. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच उचलले. टॉरमध्ये ग्राहकच नाही, नाव नाही, खातं नाही, पैसे नाहीत, तर ठेवणार काय? मला हे ब्राउझर आवडायचं खरं कारण हेच आहे, हे मला "आमच्यावर विश्वास ठेवा" म्हणतच नाही. तीन रिलेंपैकी कुठल्याही एकाला सगळं कळत नाही अशी मांडणीच आहे.

आता वापरायला कसं आहे ते. डाउनलोड शंभर एमबीच्या आसपास, इन्स्टॉल केलं की कनेक्टचं बटण दाबायचं, थोडं थांबायचं, झालं. आतून फायरफॉक्सच आहे, त्यामुळे शिकायला काही नाही. अ‍ॅड्रेस बारच्या डाव्या कोपऱ्यात क्लिक केलं की तुमचा रस्ता दिसतो, कुठल्या तीन देशांतून चाललाय तो, माझा बहुतेक वेळा जर्मनी नाहीतर नेदरलँडमधून बाहेर पडतो. त्यामुळे कधीकधी एखादी साइट जर्मनमध्येच उघडते, कुकीची परवानगी जर्मनमध्ये विचारते. तिथेच नवीन सर्किटचं, म्हणजे नव्या रस्त्याचं, बटण आहे, साइट अडली की ते दाबायचं. झाडूची खूण आहे ती दाबली की सगळं पुसून नवी सुरुवात होते. खिडकी मोठी केली तर कडेने राखाडी पट्टी येते, नवीन माणसाला वाटतं बिघडलंय, पण ते मुद्दाम आहे, तुमच्या स्क्रीनच्या मापावरून तुम्हाला ओळखू नये म्हणून सगळ्यांची मापं ठरावीक ठेवतात. घड्याळ पण तसंच, ब्राउझर सगळ्या साइटला यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ सांगतो म्हणून काही साइटवर वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे दिसते. यात एक्स्टेन्शन टाकू नका, अ‍ॅडब्लॉकरसुद्धा नको, तुमचं ब्राउझर बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसायला लागतं आणि मग एवढा खटाटोप वाया.

स्पीड. खोटं कशाला बोलू, हळू आहे. मजकुराचं पान दोन-चार सेकंदांत येतं, फोटो जास्त असतील तर जास्त वेळ. पूर्वीपेक्षा खूप सुधारलंय पण घरच्या फायबरची सवय असेल तर पहिले काही दिवस वैताग येणार. त्याहून जास्त वैताग कॅप्चाचा. गूगल सर्च तर जवळपास वापरताच येत नाही, ट्रॅफिक सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंग निवडत बसा. डीफॉल्ट सर्च डकडकगो आहे, इंग्रजीला चांगलं चालतं, मराठीत शोधायला गूगलच्या तुलनेत कमी पडतं. काही साइट टॉर म्हटलं की दारच लावून घेतात. सिक्युरिटीच्या तीन पातळ्या आहेत, सगळ्यात वरच्या पातळीला जावास्क्रिप्ट पूर्ण बंद होतं आणि अर्ध्याअधिक बातम्यांच्या साइट मोडून पडतात, मी मधल्या पातळीवर ठेवते.

सरकारी कामांना अजिबात वापरू नका. आपल्या अनेक सरकारी साइट भारताबाहेरच्या आयपीवरून उघडतच नाहीत, परदेशात राहणारे मराठी लोक सातबारा, दाखले वगैरे काढताना याच गोष्टीने रडकुंडीला येतात, आणि टॉरवरून गेलात की तुम्हीही त्या साइटला परदेशीच दिसता. बँकेचं तर नावच काढू नका, आत्ता पुण्यात आणि पाच मिनिटांत रोमानियात दिसलात तर बँक खातं लॉक करणार, आणि तिचं बरोबरच आहे.

आता ही एक गोष्ट नीट वाचा, कारण इथेच लोक फसतात. शेवटचा रिले कोण चालवतो हे तुम्हाला माहीत नसतं. २००७ मध्ये डॅन एगरस्टॅड नावाच्या स्वीडिश संशोधकाने स्वतःचे पाच एक्झिट रिले, म्हणजे शेवटचे रिले, लावले आणि त्यातून जाणारी ईमेल खाती नुसती बघत बसला, तर त्याला शंभराच्या आसपास दूतावास, सरकारी कार्यालयं यांचे पासवर्ड सापडले, ते त्याने जाहीरच केले. त्यात भारतीय दूतावास होते, डीआरडीओचं खातं पण होतं. टॉर तुम्ही कोण हे लपवतं, तुम्ही काय लिहिलंय ते एक्झिटच्या पुढे लपवत नाही, ते काम एचटीटीपीएसचं. आता बहुतेक साइटला कुलूप असतं म्हणून हा धोका खूप कमी झालाय, पण संपलेला नाही. २०२० मध्ये एका टोळीने एक्झिट रिलेंच्या एकूण क्षमतेच्या जवळपास चौथा हिस्सा हातात घेतला होता, आणि ते लोक एचटीटीपीएस काढून साधं पान दाखवायचे आणि बिटकॉइनचे पत्ते मधल्यामध्ये बदलायचे. त्यानंतर ब्राउझरने एचटीटीपीएस-ओन्ली मोड डीफॉल्ट चालू केला. म्हणून सांगते, कुलूप नाही आणि ब्राउझर इशारा देतोय तर पुढे जाऊ नका.

डार्क वेबबद्दल थोडक्यात. ते हिमनगाचं चित्र दाखवतात ना, वर थोडंसं इंटरनेट आणि खाली अथांग अंधार, ते विसरा. टॉरवरची बहुतेक रहदारी तुमच्या-आमच्या साध्या साइटकडेच जाते, ओनियन साइटकडे, म्हणजे फक्त टॉरमधूनच उघडणाऱ्या साइटकडे, थोडीच. आणि त्या ओनियन साइटमध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी, प्रोपब्लिका पण आहेत, ज्या देशांत या बंद असतात तिथल्या वाचकांसाठी. गुन्हेगारी आहेच, नाही कोण म्हणतंय, ड्रग्जची दुकानं आहेत आणि मुलांच्या छळाचा भयानक मजकूरही आहे, पण पोलीस हात बांधून बसलेले नाहीत. सिल्क रोड या ड्रग्जच्या ऑनलाइन बाजाराचा मालक २०१३ मध्ये पकडला गेला तो टॉर फुटलं म्हणून नाही, त्याने सुरुवातीला एका ठिकाणी स्वतःचा जीमेल पत्ता टाकून ठेवला होता त्यावरून तपास त्याच्यापर्यंत पोचला.

दुसऱ्या बाजूचं पण सांगते, नेटवर्क सांभाळणारी म्हणून. रिलेंची यादी सार्वजनिक आहे. म्हणजे तुम्ही काय वाचताय ते मला फायरवॉलवर दिसत नाही पण तुम्ही टॉर वापरताय हे लख्ख दिसतं. २०१३ च्या डिसेंबरमध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली, आणि त्या वेळी कॅम्पसच्या वाय-फायवरून टॉर वापरणारे कोण एवढंच बघून त्याला गाठलं. ऑफिसच्या नेटवर्कवर वापरू नका, आयटीवाला अडवणारच आणि मी पण अडवते, कारण काही रॅन्समवेअर आणि बॉटनेट (पीसीत घुसलेले घातक प्रोग्राम) टॉरमधूनच आपल्या मालकाशी बोलतात, त्यामुळे अकाउंट्सच्या पीसीवरून अचानक टॉर सुरू झालं तर मला आधी तीच शंका येणार. घरी, स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या कनेक्शनवर वापरा. भारतात टॉर वापरण्यावर बंदी घालणारा कायदा नाही.

ज्या देशांत टॉरच अडवतात तिथलं काम मला सगळ्यात भारी वाटतं. चीनमध्ये साधं टॉर जोडलंच जात नाही, रशियाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये अडवायला सुरुवात केली. त्यासाठी ब्रिज आहेत, म्हणजे सार्वजनिक यादीत नसलेले रिले. ओबीएफएस४ रहदारीला अशी करून टाकतं की ती कशासारखीच दिसत नाही, वेबटनेल साध्या वेबसाइटसारखी दाखवतं, आणि स्नोफ्लेक व्हिडिओ कॉलसारखी, कारण ते वेबआरटीसी वापरतं, जे मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये असतं. आता सरकारने सगळे व्हिडिओ कॉल बंद करायचे का? २०२२ च्या सप्टेंबरमध्ये महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर इराणमध्ये लोक रस्त्यावर उतरले, तिथे इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप अडवलं, आणि तेव्हा स्नोफ्लेकचा वापर तिथून एकदम उसळला.

आणि स्नोफ्लेकचं दुसरं टोक आपण होऊ शकतो. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये स्नोफ्लेकचं एक्स्टेन्शन टाकायचं, चालू ठेवायचं, की तिकडचा कोणीतरी तुमच्या ब्राउझरमधून टॉरपर्यंत पोचतो. तुम्ही एक्झिट होत नाही, त्यामुळे त्याने पुढे जी साइट उघडली तिला तुमचा आयपी दिसत नाही, हे मी नीट तपासूनच टाकलं. एक्झिट रिले मात्र घरून कधीही चालवू नका, ऑस्ट्रियात २०१४ मध्ये एकाला दुसऱ्याच कोणाच्या गुन्ह्यापायी शिक्षा झाली होती. माझ्या लॅपटॉपवर स्नोफ्लेक कायम चालू असतं, गेल्या २४ तासांत किती जणांना उपयोग झाला तो आकडा तिथेच दिसतो, आणि तो वाढलेला दिसला की मला मनापासून बरं वाटतं.

एका बाबतीत मात्र टॉरचा काही उपयोग नाही, इंटरनेटच बंद केलं तर. काश्मीरमध्ये २०१९ च्या ऑगस्टपासून केलं तसं, नाहीतर आपल्याकडे २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात दंगलीनंतर केलं तसं. तार कापली तर कुठलंही ब्राउझर काय करणार. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने काश्मीरच्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलंय की असे आदेश जाहीर करायलाच पाहिजेत, त्यावर लोकांनी धरून राहायला पाहिजे, हे काम सॉफ्टवेअरने होणारं नाही.

फोनचं सांगायचं तर अँड्रॉइडवर अधिकृत टॉर ब्राउझर आहे, २०१९ पासून, चांगलं चालतं, थोडी बॅटरी खातं. आयफोनवर अधिकृत नाही, अ‍ॅपलच्या नियमांमुळे तिथे ओनियन ब्राउझर नावाचं वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं, टॉर प्रोजेक्ट स्वतःच ते सुचवतं, पण डेस्कटॉपइतकं संरक्षण त्यात नाही. प्ले स्टोअरवर टॉरच्या नावाची भलतीच अ‍ॅप पण दिसतात, बनवणारा द टॉर प्रोजेक्टच आहे ना ते बघूनच टाका. कॉम्प्युटरसाठी फक्त टॉर प्रोजेक्टच्या साइटवरूनच, आणि ती उघडत नसेल तर त्यांची गेटटॉर नावाची सोय आहे, ईमेल केली की डाउनलोडच्या लिंक येतात.

आणि अपडेट टाळू नका. २०१३ च्या ऑगस्टमध्ये एफबीआयने फ्रीडम होस्टिंग या ओनियन साइट ठेवणाऱ्या सेवेवरच्या साइटमधून टॉर वापरणाऱ्यांचे खरे आयपी काढले होते, ते फायरफॉक्समधल्या ज्या भोकातून काढले ते जूनच्या शेवटी आलेल्या आवृत्तीत बुजवलेलं होतं, ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं तेच सापडले. तेव्हा पकडले ते गुन्हेगार होते, पण तेच भोक कुठल्याही सरकारला कुठल्याही पत्रकारावर वापरता आलं असतं. अपडेटची खूण दिसली की हातातलं वाचणं बाजूला ठेवा आणि आधी ब्राउझर रीस्टार्ट करा.